टरफल रात्री तयार होतं

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.
आम्ही वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. दीड वर्षापूर्वी खाकी कॅम्पबेल बदकं आणली. आता आठ माद्या आणि तीन नर आहेत, शिवाय अंगणात दहा-बारा गावरान कोंबड्या. बदकं दिवसभर ओढ्यात असायची, दिवस कलला की रांगेनं घरी यायची. रोज सहा-सात अंडी ठरलेली. संक्रांतीनंतर शिवारात ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्याचे ठसे दिसले. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं. तेव्हापासून बदकं शेडमध्येच कोंडून ठेवली आहेत. वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. महिनाभर झालं, रोज दोन-तीन अंडी मऊ पडतात, टरफलच नसतं. बाकीच्यांचं टरफलही हातात तडकतं. खायला मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, शेंगदाणा पेंड, उरलेला भात आणि पालकाचे देठ घालते. पाणी बोअरचं, भांड्यावर पांढरा थर धरतो. सासूबाई म्हणतात, ‘चुन्याची निवळी घाल पाण्यात, टरफल घट्ट हुतंय.’ दीर म्हणतात, ब्रॉयलरचं खाद्य आणू. त्यात एक मादी कालपासून कोपऱ्यात पिसं फुगवून बसली आहे, सारखी शेपूट खालीवर करते, पाय ओढते. काय करू? आणि ही मऊ अंडी खाल्ली तर चालतात का?
– एक वाचक भगिनी, ता. वाळवा, जि. सांगली

ताई, नमस्कार.

कोपऱ्यात बसलेल्या मादीचं काय करायचं ते पत्र मिळाल्या दिवशीच फोनवर तुम्हाला सांगितलं. तरी इथं आधी तेच लिहितो. ज्यांच्या घरी अशी मादी आज बसली असेल, त्यांना बाकीचं सगळं नंतर वाचता येईल.

पिसं फुगवलेली, शेपूट खालीवर होतेय, जोर करतेय पण काही बाहेर येत नाही, चारा सोडलाय, चालताना पाय फाकतात किंवा मागे राहतात. असं दिसलं की अंडं आत अडकलंय असं धरून चालायचं. लोकांना वाटतं मोठं, टणक अंडं अडकत असेल. प्रत्यक्षात मऊ अंडं जास्त अडकतं. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंना जोर लावायला आत काहीतरी घट्ट हवं. पाण्यानं भरलेला फुगा मुठीत दाबला तर तो बोटांमधून इकडेतिकडे पळतो, तसं मऊ अंड्याचं आतल्या आत होतं. शिवाय त्या स्नायूंना आवळायलाही कॅल्शियमच लागतं. ज्या कमतरतेनं टरफल बनलं नाही, तीच कमतरता अंडं बाहेरही पडू देत नाही.

कराडच्या अलीकडे नदीकाठच्या एका वस्तीवर पहाटे बोलावणं आलं होतं, ते मला अजून स्पष्ट आठवतं. घरातल्या आजींनी बदक गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं होतं. मी घमेल्यात कोमट पाणी घ्यायला सांगितलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघतात ना, तेवढंच कोमट. त्यात बदक छातीपर्यंत बसवलं. पहिली पाच मिनिटं ती पंख आपटत होती, मग मान खांद्यावर टेकवून शांत झाली. आजी मधूनमधून गरम पाण्याची धार कडेनं सोडत होत्या. वीस-पंचवीस मिनिटांनी तिनं एकदा अंग आकसलं आणि पाण्यात काहीतरी घरंगळलं. तळाशी गेलेलं ते अंडं मी हातात घेतलं. पांढुरका, ओल्या चामड्यासारखा पडदा, एका टोकाला पीळ पडल्यासारखी छोटी शेंडी, आणि आत पिवळा बलक एका बाजूला कललेला. तळहातावर ठेवलं तर तळहाताचा आकार घेत होतं. बदकानं पाण्यातच पंख झटकले आणि आम्हा दोघांना भिजवलं.

तर उपाय हाच. कोमट पाण्यात वीस ते तीस मिनिटं, मग मागच्या वाटेला थोडं खोबरेल, कोरडं करून उबेत, अंधाऱ्या शांत जागी ठेवायचं. दिवसातून दोन-तीनदा करता येतं. पोट दाबून अंडं पुढं ढकलायचं नाही. आत बोट किंवा काडी घालून फोडायचं तर अजिबात नाही. आत फुटलेल्या अंड्यानं पोटात पू होतो आणि मग मादी वाचणं अवघड. एका दिवसात अंडं पडलं नाही, तर पशुवैद्यकाकडून कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं. जवळ दवाखाना नसेल तर 1962 या टोल फ्री नंबरवर पशुवैद्यकीय सेवेसाठी फोन करता येतो. जोर करून करून आतलं लालसर मांस बाहेर आलं असेल, तर ते स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि त्यावर साखरेचं घट्ट पाणी ओतायचं, म्हणजे सूज उतरते. त्या मादीला नरापासून आणि बाकीच्या बदकांपासून लगेच वेगळं करायचं, कारण लाल दिसलं की बाकीची चोच मारतात. मग डॉक्टर गाठायचा. यात घरगुती औषध नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात, मला त्या एकच दिसतात. संक्रांतीनंतर बदकं कोंडली, आणि महिनाभरापासून मऊ अंडी. खाद्य तेच, पाणी तेच, बदकंही तीच. बदललं काय? ओढा बंद झाला.

ओढ्यात बदक काय खातं हे कधी कडेला बसून बघा. चोच चिखलात घालून ती जे गाळत असते, त्यात किडे-अळ्या असतात, गांडुळं असतात आणि ढिगानं गोगलगाई असतात. शंखासकट गिळते. लहान शिंपले मिळाले तर तेही. शंख, शिंपला आणि अंड्याचं टरफल हे तिन्ही मुळात एकाच द्रव्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. गेलं वर्षभर तुम्ही घरी जे खाऊ घालत होतात त्यात टरफलापुरतं कॅल्शियम कधीच नव्हतं. ते बदकं रोज ओढ्यातून आणत होती. तुम्हाला त्याचा खर्च नव्हता, म्हणून ते दिसलं नाही. बिबट्याच्या भीतीनं बदकं कोंडली हे बरोबरच केलंत, फक्त ओढ्यातून येणारं खाणं बंद झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या बदकाचं अंडं साधारण 70 ग्रॅमचं. त्यातलं टरफल सात ग्रॅमच्या आसपास, आणि त्या टरफलात निव्वळ कॅल्शियम सुमारे अडीच ग्रॅम. एक मादी दिवसाला 150 ग्रॅमच्या आसपास दाणा खाते. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. कोंड्यात आणि पेंडीत किंचित. तुमच्या मिश्रणातून तिला सगळं मिळून पाव ग्रॅमसुद्धा मिळत नाही. म्हणजे रोज खर्च अडीच ग्रॅम, जमा पाव ग्रॅम. उरलेलं ती कुठून आणते? स्वतःच्या हाडांतून. अंड्यावर आलेल्या मादीच्या मांडीच्या हाडांच्या पोकळीत निसर्गानं खास याच कामासाठी कॅल्शियमचा साठा ठेवलेला असतो. कोंडल्यावर पहिले काही दिवस अंडी चांगली येत राहिली ती त्या साठ्यावर. साठा संपत आला तसं टरफल पातळ झालं, मग नाहीसं झालं, आणि आता एकीचे पाय ओढायला लागले. ती नुसती अंडं अडकून पाय ओढत नसावी. तिची हाडं रिती झाली असणार.

यात कोंडा दोन्ही बाजूंनी नुकसान करतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो आणि तो अशा रूपात असतो की जे थोडं कॅल्शियम पोटात गेलंय तेही धरून विष्ठेतून बाहेर नेतो. पालकाचे देठ प्रेमानं घालता, पण पालक, चाकवत, चुका यांत ऑक्झॅलेट असतं, तेही कॅल्शियमला बांधून ठेवतं. मेथीचे देठ, कोबीची बाहेरची पानं, लसूणघास घाला. पालक महिनाभर तरी नको.

या पत्राच्या निमित्तानं मला जे सर्वांत आवर्जून सांगायचंय ते आता सांगतो, कारण ते फार थोडे लोक पाळतात. कॅल्शियम किती दिलं याइतकंच ते कधी दिलं हे महत्त्वाचं आहे. बदक अंडं घालतं पहाटे, बहुतेक वेळा उजाडायच्या आधी. त्या अंड्याचं टरफल चढायला अठरा ते वीस तास लागतात. म्हणजे टरफलाचं मोठं काम रात्री चालतं, बदक झोपलेलं असताना, पोटात चारा नसताना. सकाळी घातलेलं बारीक भुकटीचं कॅल्शियम दुपारपर्यंत विरघळून निघून जातं. रात्री दोन वाजता तिच्या रक्ताला कॅल्शियम हवं असतं, तेव्हा आतडं रिकामं असतं.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक म्हणजे कॅल्शियम संध्याकाळी द्यायचं, अंधार पडायच्या आधी तासभर. दुसरी, ते भुकटी नको, खडीसारखं हवं. पोल्ट्री फीडच्या दुकानात शेल ग्रिट म्हणून शिंपल्याचा चुरा मिळतो. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे असलेला मागा. हे तुकडे पेट्यात, म्हणजे दाणा दळणाऱ्या जाड पोटात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. सांगली-मिरजेकडच्या मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा, तेही मोठ्या तुकड्यांचा चुरा वापरतात, उगीच नाही. दर मादीमागे चहाचा एक सपाट चमचा एवढा अंदाज धरा, पण मोजून खाद्यात मिसळू नका. वेगळ्या करवंटीत किंवा मातीच्या परळात ठेवा. ज्या मादीला टरफल बनवायचंय ती आपणहून जास्त खाते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. नर त्याच्याकडे फारसे वळत नाहीत, आणि ते बरंच, कारण नराला आणि लहान पिल्लांना जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

शेल ग्रिट आणेपर्यंत घरातली अंड्यांची टरफलं वापरा. तव्यावर भाजून घ्या, म्हणजे जंतू मरतात, आणि हातानं जाडसर चुरा. अर्धं टरफल तसंच टाकलं की बदकाला कळतं हे अंडं आहे, आणि मग अंडी फोडून खायची सवय लागते. ती लागली की मोडत नाही.

मूळ दाण्याचं म्हणाल, तर लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं, तयार खाद्य आणा. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, शिवाय ड जीवनसत्त्व आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात. एकदम बदलू नका, आठवडाभर निम्मं जुनं निम्मं नवं. खर्च वाढतो हे मला माहीत आहे. सगळं लेअर खाद्य परवडत नसेल तर निम्मं लेअर, निम्मा मक्याचा भरडा, कोंडा जवळजवळ बंद आणि शेल ग्रिट रोज, एवढ्यावरही घरगुती बदकं नीट राहतात. खाद्याशेजारी पाणी हवंच. पाण्याशिवाय बदकाच्या घशाखाली मॅश, म्हणजे हे कोरडं भरडलेलं खाद्य, उतरत नाही. आणि ते पाणी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं खोल असू द्या.

दिरांना सांगा, ब्रॉयलरचं खाद्य नको. ते पाच-सहा आठवड्यांत मांस चढवण्यासाठी बनवलेलं असतं, त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास. बदकं गलेलठ्ठ होतील, पोटात चरबी साठेल, आणि चरबीनं अंडं अडकायचं प्रमाण आणखी वाढेल.

सासूबाईंच्या निवळीबद्दल मला त्यांचा मान राखून लिहायचंय, कारण त्यांचा विचार मुळात बरोबर आहे. टरफलाला चुना लागतो हे त्यांनी अचूक ओळखलंय. अडचण मापाची आहे. एक लिटर पाण्यात कितीही चुना घाला, विरघळतो फक्त दीड-पावणेदोन ग्रॅम, बाकी तळाशी बसतो. बदक दिवसभरात अर्धा लिटर निवळी प्यायलं तरी त्याला अर्धा ग्रॅमही कॅल्शियम मिळत नाही. मग कुणाला वाटतं, जास्त घट्ट करू. तिथं धोका आहे. ढवळलेला गढूळ चुना चोचीची आतली त्वचा आणि अन्ननलिका भाजतो. वर चव बिघडल्यानं बदकं पाणीच कमी पितात, आणि पाणी कमी झालं की अंडी बंद. तेव्हा सासूबाईंना म्हणावं, चुनाच देतोय, पण शिंपल्यातला.

तुमच्या बोअरच्या पाण्याकडे मात्र बारकाईनं बघायला हवं. भांड्यावरचा पांढरा थर हा पाण्याच्या जडपणाचा, तो बहुतांशी कॅल्शियमचाच असतो आणि टरफलाचं काही बिघडवत नाही. प्रश्न खारटपणाचा आहे. कृष्णाकाठची जमीन किती ठिकाणी क्षारपड झालीय हे तुम्हाला मी सांगायला नको. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून वर मीठ फुटलेली रानं डोळ्यांसमोर आहेत. अशा रानातल्या बोअरचं पाणी खारट असतं, आणि पिण्याच्या पाण्यातल्या मिठानं टरफल खराब होतं हे कोंबड्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय. खाद्यात कॅल्शियम भरपूर असूनही. वाईट म्हणजे पाणी बदलल्यावरही परिणाम काही काळ रेंगाळतो. जिभेला पाणी मचूळ लागतंय का बघा. माती-पाणी परीक्षण होतं तिथं एक बाटली तपासून घ्या. निकाल येईपर्यंत पिण्यापुरतं नळाचं पाणी द्या, पोहायच्या टाकीत बोअरचं असू द्या. अर्थात ती टाकीतलंही पिणारच, म्हणून स्वच्छ पाण्याचं भांडं दाण्याशेजारी ठेवा आणि टाकी दूर.

पत्र्याची शेड. सध्या मार्च आहे, दुपारी पत्रा तापतो. बदकाला घाम येत नाही, ते तोंड उघडून धापा टाकतं. धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि टरफलातलं कार्बोनेट त्यापासूनच बनतं. म्हणून उन्हाळ्यात चांगलं खाद्य देऊनही टरफल पातळ येतं. पत्र्यावर पाचटाचा जाड थर द्या आणि दुपारी पाणी मारा. शेडच्या पुढे जाळीचं छोटं मोकळं अंगण करून सकाळचं ऊन अंगावर पडू द्या, कारण कातडीवर ऊन पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही. खाली पाचट अंथरलं असेल तर कोरडं ठेवा, ओलं पाचट लवकर बुरसतं.

रात्री कुत्री भुंकतात, जवळून काही जातं, बदकं अंधारात एकमेकांवर आदळतात. अशा घाबरण्यानं टरफल पुरं होण्याआधीच अंडं बाहेर पडतं. तुमच्याकडे बिबट्याचा वावर आहे म्हणजे हे घडत असणारच. झिरोचा बल्ब रात्रभर लावा, आणि जाळीच्या खालच्या दीड-दोन हातांवर गोणपाट बांधा, म्हणजे बाहेरची हालचाल दिसणार नाही.

आणि तीन नर जास्त होतात. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. ओढ्यात जागा होती तेव्हा माद्या पळून सुटत होत्या, शेडमध्ये पळायला जागा नाही. एक नर कमी करा. दुसरा काही दिवस वेगळा ठेवा, निदान ही आजारी मादी बरी होईपर्यंत.

शेंगदाणा पेंडीबद्दल लिहिताना मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्यानं अशीच पातळ टरफलाची तक्रार आणली. मी पेंड न बघताच कॅल्शियमचं औषध लिहून दिलं. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा दोन बदकं मेली होती. घरी गेलो, पोत्यात हात घातला तर पेंड ओलसर, आत हिरवट बुरशी. अफ्लाटॉक्सिन. हे बुरशीचं विष यकृत पोखरतं, आणि ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप यकृतातूनच पुढं जातं. यकृत गेलं की कॅल्शियम कितीही ओता. बदकं या विषाला कोंबड्यांपेक्षा फार नाजूक असतात. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरसलेल्या शेंगदाणा पेंडीनं एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, त्या साथीत बदकांची पिल्लंही मेली, आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. आपल्याकडे घाण्यावरची पेंड घरोघरी असते. तेव्हा आजच पोतं उघडा, मूठभर पेंड फोडून वास घ्या. कुबट वाटली, जाळं धरल्यासारखी दिसली तर उन्हात वाळवून वापरू नका. उन्हानं बुरशी वाळते, विष जात नाही. म्हशीलाही घालू नका, ते दुधात उतरतं. खड्ड्यात पुरा. मक्याचं तसंच.

तुमच्या गावरान कोंबड्यांचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलात, पण मी तिथं थांबलो. बदकांच्या अंगात एक विषाणू असतो, त्यानं बदकाला सहसा काही होत नाही. तो कोंबड्यांत गेला की त्यांची अंडी आधी रंग सोडतात, मग पातळ टरफलाची आणि शेवटी मऊ पडायला लागतात, आणि कोंबडी मात्र वरून ठणठणीत दिसते. 1976 साली हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून त्याला एग ड्रॉप सिंड्रोम 76 म्हणतात. बदकांची विष्ठा पडलेलं पाणी कोंबड्या पितात, तिथून तो जातो. सध्या तुमच्या कोंबड्यांची अंडी नीट आहेत असं धरतो. तरी दोघांचं पाणी आणि दाणा आजपासून वेगळा करा. बदकांच्या मऊ अंड्यांसाठी कृपा करून या रोगाला दोष देऊ नका, तुमचं कारण ओढा आहे.

रोजच्या अंड्यांपैकी दोन-तीन मऊ आणि बाकीची पातळ, म्हणजे तुमच्याकडे सगळ्या कळपाचा प्रश्न आहे, म्हणून मी खाद्य, पाणी, शेड यावर एवढं लिहिलं. एखाद्या वाचकाकडे सात अंडी दगडासारखी आणि एकच रोज मऊ असं असेल, तर खाद्य बदलून उपयोग नाही. ती एक मादी शोधा. रात्री तिला वेगळ्या टोपलीखाली ठेवा, सकाळी कळतं. ती पहिल्यांदाच अंड्यावर आली असेल तर पहिली दोन-चार अंडी अशी पडतात, वाट बघा. म्हातारी असेल, पोट खाली लोंबत असेल आणि ती सरळ उभी राहून पेंग्विनसारखी चालत असेल, तर आत अंडाशयाचा आजार आहे. तिथं डॉक्टरनंच बघावं. आणि एकापेक्षा जास्त बदकं अचानक मेली, पातळ हिरवट हगवण लागली, उजेडाकडे डोळे मिटायला लागली, तर ते वेगळंच, बदकांचा प्लेग असू शकतो. तेव्हा मेलेलं पाखरू ओढ्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, ते शवविच्छेदनासाठी पाठवण्याची व्यवस्था सांगतील. सातारा जिल्ह्यातल्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मऊ अंडी खायची का? टरफल हे जंतूंविरुद्धचं अंड्याचं कुंपण, आणि यांना तेच नाही. शेडच्या जमिनीवर विष्ठेत पडलेलं मऊ अंडं तर नकोच. पडद्याला कुठं भोक नाही, कोरड्या पेंढ्यावर पडलंय, नुकतंच सापडलंय, अशा अंड्याचं त्याच दिवशी नीट शिजवून केलेलं खायला हरकत नाही. अर्धकच्चं नको, लहान मुलांना आणि बाळंतिणीला नको, आणि विकायला तर नाहीच. उरलेली पुरून टाका. बदकांसमोर फेकू नका, वर सांगितलेली सवय लागते. त्या आजारी मादीला इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील, तर तिचं टणक अंडंसुद्धा डॉक्टर सांगतील तितके दिवस बाजूला काढा.

बदल कधी दिसेल? शेल ग्रिट आणि लेअर खाद्य नीट सुरू झालं की आठ-दहा दिवसांत टरफल सुधारायला लागतं. पाय ओढणाऱ्या मादीला जास्त दिवस लागतील, तिची हाडं आधी भरतात. तिला काही दिवस मंद उजेडात ठेवा, म्हणजे अंडं घालणं थांबेल आणि शरीराला उसंत मिळेल. रोज सकाळी दारावर खडूनं तीन आकडे लिहा: टणक किती, पातळ किती, मऊ किती. पंधरा दिवसांनी मला तेवढेच आकडे पाठवा.

ओढ्याचं काय करायचं तेही तुम्ही ठरवायला हवं. बिबट्या बहुतेक संध्याकाळनंतर आणि पहाटे फिरतो. फड तोडून झाल्यावर त्याचा आडोसा कमी होतो, पण तो लगेच तालुका सोडून जात नाही. घरातलं मोठं माणूस सोबत असेल तर सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात बदकं ओढ्यावर सोडायला माझी हरकत नाही, आसपासच्या उसावर किंवा बागेवर त्या आठवड्यात फवारणी झालेली नसेल तर. मुलांना एकट्यानं पाठवू नका. तेही जमत नसेल तर एक बादली आणि चाळण घेऊन जा. ओढ्याच्या कडेला वाहतं पाणी जिथं मंदावतं, तिथं दगडांच्या खालच्या अंगाला आणि पाणवनस्पतींच्या देठांना गोगलगाई चिकटलेल्या असतात, अर्ध्या तासात तळभर गोळा होतात. घरी आणून चार वाजता परातीत पाणी घालून बदकांसमोर ओता.